प्रौढ नवचित्रकार : स्वरूप आणि लक्षणे

चाळिशीनंतर रेखाटन शिकू पाहणारा गृहस्थ हा अभ्यासकांनी अद्याप पुरेशी दखल न घेतलेला वर्ग असून, त्याच्या विकासाची पहिली अवस्था कागदावर नव्हे तर दुकानात पार पडते. पेन्सिलीतील तथाकथित शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे भाजलेले मिश्रण. माती अधिक असेल तर रेघ कठीण व फिकट उमटते आणि तिला 'एच' म्हणतात, ग्राफाइट अधिक असेल तर ती मऊ व काळी उमटते आणि तिला 'बी' म्हणतात. फ्रान्सच्या निकोला-जाक कोन्ते यांनी १७९५ मध्ये ही युक्ती काढली, तेव्हा देशात ग्राफाइटची टंचाई होती. तिचे फलित म्हणून प्रस्तुत गृहस्थ बारा प्रतींचा संच विकत घेतो, तो टेबलावर क्रमाने मांडतो आणि पुढे सर्व काम घरात आधीपासून पडलेल्या 'एचबी'ने करतो.

या वर्गाची पूर्वपीठिका शालेय आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा असून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा त्यांच्या विषयांनी अनेक पिढ्यांना पोस्टर कलरचे डाग दिले. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि ते गुणपत्रिकेत जमा होताच चित्रकलेचे सामाजिक प्रयोजन संपते, असा पालकवर्गाचा सर्वमान्य सिद्धांत आहे. चित्रकलेचा तास गणिताच्या शिक्षकांनी मागून घेण्याची प्रथाही याच सिद्धांतातून निघाली असावी. परिणामी नवचित्रकाराचे शिक्षण दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि मराठी चारच्या आकड्यासारखे उडणारे पक्षी येथे थांबलेले असते, आणि पंचवीस वर्षांनी तो नेमका तेथूनच पुढे निघतो.

त्याची खरी अडचण हाताची नसून ज्ञानाची आहे. समोर पाण्याचा पेला ठेवला असता त्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि तळाची कडाही, नजर वर असल्यामुळे, वक्रच दिसते. परंतु पेला टेबलावर सपाट बसतो हे या गृहस्थाला पक्के ठाऊक असल्याने तो तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ काढतो, आणि चित्रातील पेला करवतीने कापलेला भासतो. माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात. परंतु केसांखालच्या कवटीत लक्ष देण्याजोगे काही नाही, अशी धारणा असल्यामुळे तो ते कपाळावर चढवतो. कार्यालयात वीस वर्षे न पाहता सह्या केलेल्या माणसाने चित्रही न पाहता काढावे, यात विसंगती काहीच नाही.

यावर बेटी एडवर्ड्स या अमेरिकी शिक्षिकेने १९७९ च्या आपल्या पुस्तकात उपाय सुचवला : मूळ चित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करावी, म्हणजे नाक-डोळे ओळखू येत नाहीत आणि माणूस नाइलाजाने रेघा पाहू लागतो. उपाय गुणकारी आहे. मात्र त्याला जोडलेली उजव्या-डाव्या मेंदूची उपपत्ती त्या सोप्या रूपात आज शास्त्रज्ञ मानत नाहीत, आणि नवचित्रकाराला तेवढीच पाठ असते. चित्र फसले की तो डाव्या मेंदूवर ठपका ठेवून चहा मागवतो.

दिलाशासाठी रवींद्रनाथांचा दाखला या वर्गात अनिवार्य आहे. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, ही गोष्ट खरी. हस्तलिखितातील खाडाखोडीतून त्यांना आकृती सापडत गेल्या, हेही खरे. प्रस्तुत गृहस्थाच्या खाडाखोडीतून बहुधा फक्त कागद फाटतो, हा तपशील त्याच्या व्याख्यानात येत नाही.

वस्तुतः रोज अर्धा तास समोरची एकच वस्तू, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, निरखत काढली तर काही महिन्यांत कोणाचाही पेला पेल्यासारखा दिसू लागतो. पण या पद्धतीत खरेदीला वाव नसल्याने तिचा प्रसार झालेला नाही. तोवर कुटुंबीयांना एवढीच विनंती की, वही पुढे करून "ओळखा कोण?" असे विचारले गेल्यास नाव घेऊ नये; "डोळे छान आलेत" एवढे म्हणून स्वयंपाकघरात जावे.