सवलतीत आलेलं भूत

— काकू, कडीपत्ता काढताच आहात तर दोन डहाळ्या इकडेही टाका. आणि काल रात्री दीड वाजेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात दिवा होता तो डब्यांमुळे नव्हता, हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकते.

— मी कुठे विचारलं? पण दिसला होता हो दिवा. म्हटलं, लग्नाची ऑर्डर घेतली असेल.

— कसली ऑर्डर! पिझ्झाचं दुकान चालवत होते. मोबाइलवर. आमच्या चिरंजीवांनी गेम घेऊन ठेवलाय, 'फ्रेडी फाझबेअर्स पिझ्झेरिया सिम्युलेटर'. आधी त्याला ओरडायला म्हणून फोन हिसकावला, आणि मग मीच अडकले.

— या वयात?

— अहो, दुकानाचा गेम आहे! दहा वर्षं डबे करतेय मी. हा नुसता पोरखेळ नाही, चक्क धंदा. सुरुवातीला शंभर डॉलर हातात. टेबलं घ्या, रंगमंच घ्या, मुलांना खेळायची यंत्रं घ्या, सगळं नीट मांडा. किती करमणूक होते, वातावरण कसंय, स्वच्छता किती, सगळ्याचे गुण मिळतात. त्यात आणखी एक रकाना: उद्या कोणी कोर्टात खेचण्याची शक्यता किती.

— बरोबर आहे की. बँकेत आम्ही ते आधी बघायचो. उत्पन्न नंतर.

— पण काकू, हा भुताचा गेम आहे.

— आत्ता तर म्हणालीस दुकानाचा!

— तीच तर गंमत. सुरू होतो तेव्हा अगदी जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं. एक अस्वल आणि त्याच्या भोवती मुलं. आपण मुलांकडे पिझ्झा भिरकावायचे, एवढंच. दोन मिनिटांत चित्र फाटल्यासारखं होतं, आणि आपण एका काळोख्या खोलीत, समोर मोडकातोडका यांत्रिक बाहुला, आणि टेपवर एक माणूस शांतपणे अभिनंदन करतोय, की आता तुम्ही आमच्या दुकानाचे मालक झालात.

— करारनामा न वाचता सही केलीस ना?

— कुठे सही, डोळे मिटून घेतले होते मी! बरं, हे ज्याने बनवलं ना, स्कॉट कॉथन, टेक्सासचा. त्याचीही कथाच आहे. आधी तो मुलांसाठी साधेसुधे, धार्मिक वळणाचे खेळ करायचा. २०१३ मध्ये त्याने एका बीव्हरच्या लाकडाच्या वखारीचा खेळ काढला. बीव्हर म्हणजे तिकडचा नदीकाठी झाडं कुरतडणारा प्राणी. लोक म्हणाले, ही पात्रं गोड कुठली, यंत्राच्या बाहुल्यांसारखी बघूनच अंगावर काटा येतो.

— मग रडला असेल बिचारा.

— रडला असेल, पण नंतर म्हणाला, काटाच येतो ना, मग काटाच विकतो! ८ ऑगस्ट २०१४ ला 'फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज' आला. पिझ्झाच्या दुकानात रात्रीचा राखणदार, आणि मुलांना रिझवणारे यांत्रिक प्राणी रात्री हिंडू लागतात. २०२३ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, जगभर तुफान चालला. आणि तो मधला वखारीचा धंदा बघा, कुठे गेला नाही. २०१७ मध्ये त्याने पुन्हा दुकान काढलं, या वेळी भुतांना आत घेऊन. आधी जुलैत जाहीर केलं, सहावा भाग रद्द. आणि ४ डिसेंबरला संगणकावर चक्क फुकट एक पिझ्झाचा खेळ टाकला. लोकांना वाटलं, विसावा म्हणून पोरखेळ केलाय. तोच सहावा भाग होता!

— हुशार माणूस. पण फुकट? मग तुझ्या मुलाने पैसे कशाला दिले?

— मोबाइलवर विकत आहे. आता ऐका, खरी मजा पुढे. दिवसा खरेदी करायची, त्यासाठी वेगवेगळे कॅटलॉग असतात. सगळ्यात स्वस्त कॅटलॉगमध्ये अक्षरशः कचऱ्यातून उचललेलं सामान. बादलीला डोळे चिकटवले, झाला बाहुला, दोन-चार डॉलरला. महागड्या कॅटलॉगमध्ये गाणारे, नाचणारे. आणि अधूनमधून एखाद्या वस्तूवर सवलत लागलेली असते.

— तू घेतली असशील.

— घेतली! पहिल्या दिवशी घेतली. शंभरात दुकान उभं करायचं, सवलत सोडते की काय? आणि त्या सवलतीच्या वस्तूत एखादा झपाटलेला बाहुला लपून बसलेला असू शकतो. तो आपल्याबरोबर आत येतो. एक काळं अस्वल तर उघडउघड कॅटलॉगमध्येच, मातीमोल भावात. मी म्हटलं, एवढं मोठं अस्वल, एवढ्या स्वस्तात, काय हरकत आहे!

— मूर्ख बाई. आमच्याकडे गहाणातली मशिनरी अशा भावात जायची ना, तेव्हा आम्ही आधी विचारायचो, विकणाऱ्याला एवढी घाई का आहे.

— हेच मला रात्री कळलं. कारण रात्रीही काम असतं हो! दुकान बंद झालं म्हणजे सुटका नाही. मालकाने खोलीत बसून संगणकावर दिवसाची कामं उरकायची: सामानाची मागणी, जाहिराती छापणं, दुरुस्ती. सगळी झाली की मगच घरी. आणि भिंतीला दोन बाजूंना हवेच्या नळ्या, त्यातून ते बाहुले सरपटत येतात. पंखा चालू असला की घरघर, त्यांची चाहूल लागत नाही. पंखा बंद केला की उकाडा वाढतो. दूर कुठेतरी आवाज वाजवून त्यांना तिकडे वळवायची सोय आहे, पण ती करत बसलं की कामं राहतात. मी सामानाची मागणी लावली होती, कपांची का प्लेटांची, आणि डाव्या नळीत...

— मेलीस.

— मेले. पण मला भुताचा राग नाही आला काकू, त्या संगणकाचा आला. एवढा सावकाश! चांगला प्रिंटर घ्यायला पैसे होते, ते मी सवलतीच्या सामानावर उधळले. आमच्याकडे मिक्सर जळतो तेव्हा हेच होतं. दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे घातलेले असतात.

— आणि कोर्टाचं काय झालं?

— नोटीस आली. मूल पडलं म्हणे. तडजोड करा नाहीतर लढा. मी लढले.

— का?

— तत्त्व म्हणून.

— लहान धंद्याने तत्त्व म्हणून कोर्टात जाऊ नये. हरलीस ना?

— हरले. मग पैशांसाठी एका कंपनीची जाहिरात घेतली. पैसे लगेच खात्यात. आणि रात्री, नेमकं मी श्वास रोखून ऐकत असताना, पडद्यावर ती जाहिरात वाजायला लागते! मोठ्याने! तिकडे नळीतला खूश.

— हे मात्र खरं आहे. उचल देणारा नेहमी रात्री फोन करतो.

— आणि पैशांचा आणखी एक मार्ग आहे, तो सगळ्यात वाईट. रोज दुकानाच्या मागच्या गल्लीत एक भंगार बाहुला सापडतो. बाहेर टाकून दिला तर काही नाही, ताब्यात घेतला तर पैसे. पण आधी त्याच्यासमोर टेबलाला बसून तपासणी करायची. टेपवरून वेगवेगळे आवाज काढतात, त्यावर तो काय करतो त्याची खूण कागदावर करायची. आपण खाली कागदाकडे बघितलं, वर बघितलं, तर तो थोडा पुढे झुकलेला. पुन्हा खाली, पुन्हा वर, आणखी जवळ. विजेचा झटका देऊन शांत करता येतो, पण वारंवार झटके दिले तर त्याची किंमत कमी होते.

— म्हणजे जीव वाचवायचा की पुनर्विक्रीची किंमत.

— तुम्ही कशा लगेच पकडलंत! मी झटका नाही दिला. किंमत जपली.

— आणि मेलीस.

— आणि मेले.

— ऐक, मी सॅन होजेला भाच्याकडे गेले होते ना, तेव्हा त्याच्या लेकीचा वाढदिवस असल्या एका ठिकाणी झाला होता. चक ई. चीज. पडदा सरकला आणि एक यांत्रिक उंदीर गायला लागला. मुलं टाळ्या वाजवतायत, आणि मी आपली पिझ्झाकडे बघत बसले.

— काकू, ते तर मूळ दुकान! तुम्ही प्रत्यक्ष बघून आलात आणि मला आज सांगताय?

— मला काय माहीत तू त्यात मरतेस ते. भाच्याने सांगितलं होतं, सुरुवात त्याच गावात झाली, १९७७ मध्ये. ज्याने अटारी काढली ना, व्हिडिओ गेमवाली कंपनी, तो नोलन बुशनेल. त्याचा हिशोब साधा होता. पिझ्झा भाजायला वेळ लागतो, तोवर मुलं नाणी टाकून गेम खेळतील. पिझ्झा हे वाट बघायचं निमित्त. आणि तो उंदीर म्हणे चुकून आला. याने एक मुखवट्याचा पोशाख घेतला कोयोट समजून, घरी येऊन बघतो तर उंदीर!

— खाण्याच्या दुकानाचं बोधचिन्ह उंदीर? माझ्याकडे कोणी डबा घेईल?

— त्यांच्याकडे घेतला. पण १९८४ मध्ये दिवाळं निघालं त्या कंपनीचं. प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. २०२० च्या जूनमध्ये पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज, करोनाने. आता ते यांत्रिक गवई बहुतेक दुकानांतून काढून टाकलेत, चार-दोन ठिकाणी ठेवलेत आठवण म्हणून. मग तुझ्या गेमचा शेवट काय? नफा होतो का?

— शेवट सांगू? लेक म्हणतो सांगायचा नसतो.

— माझं वय बघ आणि सांग.

— टेपवरचा तो माणूस या सगळ्या दुकानांचा मूळ भागीदार, हेन्री. दुसऱ्या भागीदाराने मुलं मारली, त्यांचे आत्मे या बाहुल्यांत. त्यात हेन्रीची स्वतःची मुलगीसुद्धा. हे नवं दुकान त्याने सगळ्यांना एका जागी गोळा करायला काढलेलं असतं, पिंजरा म्हणून. सगळे आत आले की दुकान पेटवून देतो. स्वतःसकट.

— विम्यासाठी?

— काकू! मुक्तीसाठी!

— बरं बरं. पण विमा असेल तर तो नाकारतील, हे सांगून ठेवते.

— आणि शेवट अनेक आहेत. पैसे बुडाले तर दिवाळखोरीचं प्रमाणपत्र मिळतं, चौकट-बिकट घालून. फार धोकादायक सामान ठेवलं तर काळ्या यादीत. आणि गंमत म्हणजे, आठवडाभर काहीच विकत घेतलं नाही, कुठला बाहुलाही आत घेतला नाही, तर शेवटी एक प्रमाणपत्र मिळतं: तुम्ही अगदी सामान्य आहात. टोमणा मारतात हो!

— टोमणा? अगं, एकही भूत आत नाही, एकही दावा नाही, डोक्यावर कर्ज नाही. तीस वर्षं कर्जखात्यात काढलीत मी. तुझ्या त्या हेन्रीचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर पहिल्या पानावर नामंजूर. आणि त्या सामान्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावून खातं उघडायला लावलं असतं. घे तुझा कडीपत्ता.