बिघडायच्या आत

आष्टीत कुणाचं काही बिघडायच्या आत मामा तिथं हजर असतात, आणि मग बहुधा ते बिघडतंच.

मामांची सगळी नोकरी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात, इंडस-२ या यंत्रावर झाली. रिटायर होऊन गावी आले ते नियंत्रण कक्ष डोक्यात घेऊनच. इंडस-२ म्हणजे १७२ मीटर घेराची, निर्वात नळीची रिंग. तिच्यात इलेक्ट्रॉनांचे पुंजके सेकंदाला १७ लाख फेऱ्या मारतात. पुढचा पुंजका जाताना मागे विद्युतक्षेत्राची लाट सोडतो, तिनं मागचा हलतो, तो त्याच्या मागच्याला हलवतो. डोलणं आवरलं नाही तर झोतच नळीच्या भिंतीवर जाऊन संपतो. त्यावर एक इलाज असा. पुंजका किती ढळला ते टिपायचं आणि तो फिरून आला की उलट टोला द्यायचा.

हा इलाज मामांनी सप्त्याच्या पंगतीला लावला. वाढप्याचा हात जरासा कलला की मामा ओरडले, "डावीकडं!" वाढपी दचकला, वरण पाहुण्याच्या धोतरावर.

"बघितलंस? टोला अर्ध्या झोक्यानं उशिरा बसला की डोलणं वाढतं," मामा पाहुण्याला समजावू लागले. पाहुणा धोतर झटकत होता.

सिमोन व्हॅन डर मीर हे मामांचं दैवत. १९८४ चं नोबेल. कण लांबच्या वळणानं येईतो त्याची खबर रिंगच्या आरपार जवळच्या वाटेनं पुढं धाडायची, ही त्यांची युक्ती. गावात कुणी तणतणत घराबाहेर पडला की तो बाजारातून वळसा घालून जातो; मामा बोळातून आधी पोचतात आणि समोरच्याला सावध करतात. सावध झालेला माणूस मग काठी घेऊनच दारात उभा राहतो. येणारा बिचारा नुसता उसने पैसे मागायला आलेला असतो.

मामांच्या हेतूबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन वळताना प्रकाश टाकतो आणि त्यातच हळूहळू निवतो, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं. मामा प्रकाश भरपूर टाकतात. निवत नाहीत.

आष्टीला आलात आणि मामा भेटले, तर रामराम घाला, "सगळं बरं आहे" म्हणा आणि चालू लागा. फक्त सरळ रेषेत चाला.