थोडक्यात निभावलं

आमच्या नारायण पेठेत देवाचे आभार सगळेच मानतात. मुलगा पास झाला की मानतात, जागेच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला की मानतात, भाडेकरू आपणहून सोडून गेला तर अभिषेकसुद्धा करतात. नानांचं वेगळेपण असं, की काहीतरी वाईट घडल्याशिवाय त्यांच्या आभारांना खरा रंगच चढत नाही.

परवा शेजारचा एक मुलगा स्कूटरसकट खड्ड्यात गेला आणि पाय मोडून घेऊन बसला. नाना त्याला भेटायला इस्पितळात पोचले.

"कुठला पाय?"

"डावा."

"एकच ना? पांडुरंगाची कृपा!"

इथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण नाना खुर्ची ओढून बसले. मागून पीएमटी येत होती का? नव्हती. आली असती तर? डोकं फुटपाथच्या कडेपासून किती लांब होतं? हातभर असेल, असं तो बिचारा म्हणाला. "हातभर!" नानांनी आपला हात लांब करून सगळ्या वॉर्डाला दाखवला. समोरच्या खाटेवर अपेंडिक्स काढलेले एक गृहस्थ होते, त्यांनी हळूच आपले टाके चाचपून पाहिले. अर्ध्या तासात त्या मुलाच्या पायापेक्षा त्याच्या रक्तदाबाची काळजी करायची वेळ आली, तेव्हा नर्सबाईंनी भेटीची वेळ संपल्याचं जाहीर केलं. ती संपायला अजून पाऊण तास होता. नाना मात्र समाधानाने उठले. "सुळावरचं सुईवर निभावलं, बाळ. देवाचे आभार मान," असं सांगून आणि त्याच्याच उशाची दोन मोसंबी पिशवीत टाकून ते घरी आले.

लोक नानांना आशावादी म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. पेठेत सगळ्यात भयंकर गोष्टी कुणाला दिसत असतील तर त्या नानांना. निराश माणूस फार तर 'आज बस चुकणार' एवढंच म्हणतो. नानांना आभार मानायचे असतात, आणि त्यासाठी घडलंय त्याहून वाईट काहीतरी आधी तयार ठेवावं लागतं. साधं दूध उतू गेलं तरी शेगडी विझते, गॅस स्वयंपाकघरभर पसरतो, संध्याकाळचा दिवा लावायला कुणीतरी काडी ओढतं, आणि मग अर्धी आळी जमीनदोस्त होऊन नाना हात जोडतात. तोवर काकूंनी ओटा पुसून घेतलेला असतो.

याचं मूळ पानशेतच्या पुरात आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं, तेव्हा नाना शाळकरी पोर होते. घरातलं सगळं किडूकमिडूक वाहून गेलं. नानांचे वडील चिखलात उभे राहून म्हणाले, "दिवसा आला म्हणून वाचलो. रात्री आला असता तर?" हे वाक्य नानांनी वारसाहक्काने घेतलं. बाकी घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. धरणं गेल्यामुळे पुढे शहरात पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. म्हणजे घरात पाणी येऊन गेलं आणि नळाला पाणी नाही. त्यातही नाना देवाचा हात दाखवतात: नळ बंद म्हणून विहिरीवर जावं लागलं, विहिरीवर काकूंच्या वडिलांची ओळख झाली. पुढची बारा-तेरा वर्षं गाळून ते एकदम लग्नावर येतात. काकू ही गोष्ट ऐकताना नेहमी डाळ निवडत असतात आणि याच ठिकाणी त्यांना खडा सापडतो.

सुखात मात्र नानांची पंचाईत होते. नात दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळवून आली, तर नानांनी मला जिन्यात गाठून, आजूबाजूला बघून, लाच दिल्याच्या आवाजात ती बातमी सांगितली. संकटाचे आभार खड्या आवाजात मानायचे आणि सुखाचे कुजबुजत, कारण नजर लागते. नजर कुणाची, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. पण बोलताना त्यांचं बोट छताकडे होतं. चांगलं काही लागोपाठ दोनदा घडलं, तर ते अस्वस्थ होऊन पत्र्या मारुतीला जातात. तिथेही मन शांत झालं नाही तर जिलब्या मारुती. पुण्यात मारुती मुबलक आहेत, ही त्यातल्या त्यात देवाची कृपाच.

या साऱ्या व्यवहारात माणसांच्या वाट्याला मात्र आभार येत नाहीत. स्वयंपाकघरातली गळती काढायला प्लंबर दोन तास ओट्याखाली आडवा पडला होता. काम झाल्यावर नाना देव्हाऱ्याकडे वळून म्हणाले, "पांडुरंगा, तुझीच कृपा." प्लंबर हात पुसत म्हणाला, "साडेचारशे झाले. त्यांच्याकडून घेऊ की तुमच्याकडून?"

नोटाबंदीच्या वेळी सगळा देश हवालदिल झाला, नाना सोडून. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचं टीव्हीवर ऐकून काकू उठल्या आणि तूरडाळीच्या डब्यातून, साडीच्या घडीतून, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीतून नोटा काढून नानांपुढे ठेवू लागल्या. अशी ती मिरवणूक बराच वेळ चालली. नानांचे डोळे भरून आले. "नोटा बंद झाल्या नसत्या, तर आपण इतके श्रीमंत आहोत हे मला कधी कळलं असतं?" काकूंनी त्या रात्री देवाचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

नानांचा आदर्श म्हणजे तुकोबा. दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, बायको अन्नावाचून गेली आणि तरी तुकोबांनी देवाला 'हे भलंच केलंस' असं सांगितलं, हे नाना दर एकादशीला ऐकवतात. काकूंना एवढंच म्हणायचं असतं, की तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली होती. आमच्याकडे शेजाऱ्यांना दिलेल्या दोनशे रुपयांची तारीखवार नोंद आहे.

एकदा दोघं निवडुंग्या विठोबाला कीर्तनाला गेली होती, मीही होतो. बुवांनी उत्तररंगात ती जुनी कथा लावली: नाथांना बायको अनुकूल मिळाली, म्हणून ते म्हणाले, देवा, परमार्थाला सोबत दिलीस, तुकोबांना तापट मिळाली, ते म्हणाले, देवा, संसारात गुंतू दिलं नाहीस, नरसी मेहतांची बायको गेली, ते म्हणाले, देवा, पाश तोडलास. नाना इतक्या जोरात मान हलवत होते की टोपी पडली. काकूंनी ती उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि विचारलं, "मी यातली कितवी?" नाना टाळ्या वाजवत राहिले. ऐकू आलं नाही, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

गेल्या महिन्यात नानांच्या छातीत कळ आली. पहिल्या तपासणीनंतर रक्तवाहिनी तुंबली असण्याची शक्यता आहे, असं कळलं. "एकच असेल!" नाना स्ट्रेचरवरूनच म्हणाले. "तीन असत्या तर?" मग अँजिओग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकूंना आणि मला आत बोलावलं, पडद्यावर चित्र दाखवलं आणि तीन ठिकाणी पेन टेकवलं.

"तीन?" नानांनी विचारलं.

"तीन."

"तीनच ना पण?"

"काका, हृदयाच्या मुख्य रक्तवाहिन्या असतातच तीन."

खोलीत शांतता पसरली. नानांना याहून वाईट काही सुचत नाहीये, असं मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. खरं सांगायचं तर रिपोर्टपेक्षा मला त्याचीच धास्ती वाटली. नाना पडद्याकडे टक लावून बघत होते; एकदा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलंही. मग हळूहळू चेहऱ्यावर तेज आलं आणि सलाईन लावलेला हात दुसऱ्या हाताला जोडायची खटपट सुरू झाली.

"बघितलंत? पांडुरंगाने चौथी दिलीच नाही. दिली असती, तर तीही तुंबली असती!"

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं.

"सही कुठे करायची ते सांगा," काकू म्हणाल्या.