पहिली गाडी हलकीच घ्या

निकाल लागले की पनवेलच्या शोरूममध्ये बाप-लेकांची गर्दी होते. पोराला ड्यूक नाहीतर आर-१५ हवी असते, वडील ॲव्हरेज विचारतात, सेल्समन ईएमआयचा आकडा पुढे करतो. पोराला गाडी सावरता येते का, हे कोणीच विचारत नाही.

कायदाही विचारत नाही. १८ पूर्ण झाली की गिअरच्या मोटारसायकलचं शिकाऊ लायसन्स मिळतं, ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. स्प्लेंडरवर आठचा आकडा काढून पास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीवर बसला तरी तो कायद्याने बरोबर. ब्रिटनमध्ये शिकाऊला एकट्याने १२५ सीसीच्या पुढे जाता येत नाही. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर वेगळं लायसन्स लागतं. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याला ७५, १५०, ३५० सीसीच्या पायऱ्या आहेत. जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के आहे. पैसे घेताना सीसी मोजली जाते, लायसन्स देताना नाही. परिवहन खात्याने नव्या चालकाला पहिली दोन वर्षं दीडशे सीसीची मर्यादा घालावी. ती येईपर्यंत डाऊन पेमेंट भरणाऱ्यानेच घालायची.

पनवेलमध्ये तर घालायलाच हवी. इथे गल्ली संपली की हायवे सुरू होतो. लाइन आळीत दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, आणि तोच मुलगा थोड्या वेळात पळस्पे फाट्यावर गोवा हायवेच्या तोंडाशी किंवा कळंबोली सर्कलला जेएनपीटीच्या ट्रेलरांमध्ये असतो. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी. मग राहिले ते हेच कंटेनरांचे रस्ते.

ट्रेलर डावीकडे वळताना नीट बघा. केबिन पुढे निघून जाते, मागची चाकं मात्र आत, कडेच्या दिशेने ओढली जातात. डावीकडची मोकळी दिसणारी जागा वळता वळता बंद होते. नवशिका नेमका तिथे घुसतो, आणि ड्रायव्हरला तो आरशात दिसतही नाही. त्या वेळी पिकअप कामाला येत नाही. ब्रेक लावून, क्लच धरून, दोन्ही पाय टेकून जागीच थांबता आलं पाहिजे. स्प्लेंडर ११२ किलोची, ती सावरते. क्लासिक ३५० आहे १९५ किलोची. ती एकदा कलली की नवशिक्या पायाला पेलत नाही. गाडी म्हणून तिच्यात खोट नाही, ड्यूकमध्येही नाही. पण पहिली गाडी म्हणून त्या चुकीच्याच.

तेव्हा शंभर ते सव्वाशे सीसी. शोरूममध्ये पोराला गाडीवर बसवा, साईड स्टँड काढायला लावा आणि दोन्ही टाचा जमिनीला लागतात का बघा. मग इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलायला सांगा. दमला तर ती गाडी त्याची नव्हे. ओळखीच्या मेकॅनिकने तपासलेली सेकंडहँड मिळाली तर फारच चांगलं. शिकताना गाडी आडवी पडणारच, इंडिकेटर तुटणारच, आणि पुढच्या ब्रेकवर जोर टाकायची सवय पावसाळ्याआधी बसलेली बरी. आरसी मात्र लगेच नावावर करून घ्या. वाचलेल्या पैशांतून डोक्याला घट्ट बसणारं, आयएसआयचं हेल्मेट घ्या आणि पट्टा लावल्याशिवाय किल्ली हातात देऊ नका.

शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचं नाही, असा नियम आहे. तरी लाल ‘एल’ लावलेल्या गाडीवर तिघं बसून स्टेशनकडे निघालेले दिसतात. त्यांना थांबवा, शेजाऱ्याचा मुलगा असला तरी थांबवा. आणि १८ पूर्ण नसतील तर किल्ली देऊच नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणीही १२ महिने रद्द होते.