पिठ्या आला पाहुणा

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला काटेरी, गुबगुबीत झाडांचं अप्रूप वाटावं असं काही नव्हतं. बालाघाटाच्या उतारावर, गावकुसाला, शेताच्या बांधाला निवडुंग फुकट होता. कोरफड तुळशीच्या आडोशाला आपली आपण वाढायची आणि शेराच्या कुंपणाला कुणी पाणी घातल्याचं ऐकिवात नाही. मग ‘सक्युलंट’ असं नाव लावून याच गोतावळ्यातली लांबची मंडळी नर्सरीतून आली. जेड, एकेव्हेरिया, हॉवर्थिया अशी त्यांची नावं. दारातल्या निवडुंगावर ज्यांनी कुऱ्हाड चालवली, त्यांच्याच नातसुनांनी या पाहुण्यांना खिडकीत बसवलं. पाणी कमी लागतं, ही त्यांची शिफारस. टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे काढलेल्या जिल्ह्यात याहून मोठी शिफारस कुठली असणार?

अडचण एवढीच, की पाणी कमी लागतं हे झाडाला माहीत असतं, काकूंना नसतं. तांब्यात उरलेलं घोटभर पाणी टाकून देणं त्यांच्या जिवावर येतं. ते कुंडीत जातं. त्यावर डाळ धुतलेलं पाणी, वर शेणखताची मूठ. लाडानं झाड लुसलुशीत होतं, आणि लुसलुशीत झाड ही किडीसाठी मांडलेली पंगत. मग एके दिवशी जेडच्या पानाच्या बेचक्यात कुंथलगिरीच्या खव्याचा चुरा सांडल्यासारखं काहीतरी दिसतं. काकू ते फुंकर मारून उडवायला जातात. चुरा उडत नाही. उलट, चालू लागतो.

हा पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. भिंगातून पाहिलं तर लांबट गोल, तीन-चार मिलिमीटरचं गुलाबीसर अंग, वर मेणाची पांढरी भुकटी आणि कडेनं मेणाचेच बारीक दोरे. मादीला पंख नसतात. ती सोंड खुपसून रस पीत बसते आणि कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. नराला पंख असतात, पण खायला तोंड नसतं. दोन-चार दिवसांत त्याचा संसार आटोपतो. रस पिऊन उरलेली साखर मादी चिकट थेंबांच्या रूपानं सोडते. त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या येतात. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली की घरातले लोक साखरेचा डबा तपासतात. तपासायला हवं जेड. त्या गोड थेंबांसाठी मुंग्या पिठ्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात.

बाकीची मंडळी त्या मानानं साधी. मावा फुलाच्या दांड्यावर गर्दी करतो. खवले कीड खोडावर चामखिळीगत बसते आणि नखानं खरवडली तरच हलते. लाल कोळी तर कीटकही नव्हे, त्याला आठ पाय. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तो फोफावतो आणि पानावर बारीक जाळं धरतो. पांढरा कागद खाली धरून पान झटकलं आणि कागदावर ठिपके पळू लागले, की निदान पक्कं.

उपाय तसा स्वस्त आहे. करोनाच्या काळात घेतलेल्या पातळ सॅनिटायझरची बाटली अजून कुठल्याशा फडताळात असतेच. कापसाचा बोळा त्यात बुडवून प्रत्येक पिठ्याला टिपायचं. सत्तर टक्के अल्कोहोलनं त्याचं मेण विरघळतं. नाहीतर लिटरभर पाण्यात चमचाभर पातळ साबण. मात्र एकेव्हेरियाच्या पानावर स्वतःचीच पांढरी भुकटी असते, ती साबणानं कायमची धुतली जाते. म्हणून आधी एका पानावर बघावं, फवारा उन्हं उतरल्यावर मारावा आणि आठवड्यानं पुन्हा मारावा. पिशवीतली अंडी पहिल्या वेळेला वाचलेली असतात.

घरात शेतकरी असला तर प्रकरण मोठं होतं. काकांना पाच टक्के निंबोळी अर्क तोंडपाठ असतो: पाच किलो निंबोळीची पूड, शंभर लिटर पाणी. गॅलरीत कुंड्या सात. हिशेब लिटरला पन्नास ग्रॅमचा असतो, पण लिटरचं माप काकांच्या हाताला बसत नाही. ते पाठीवरचा पंपच चढवतात. निंबोळीचं एक वेळ ठीक. द्राक्षबागेतलं उरलेलं जालीम औषध मात्र स्वयंपाकघराशेजारी फवारू नये, हे काकांना निक्षून सांगावं लागतं.

गंमत अशी, की पिठ्याच्याच धाटणीची कीड एकेकाळी या देशात आवतण देऊन आणली गेली होती. कोचिनीलच्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. त्याचा मक्ता स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोकडे होता आणि ईस्ट इंडिया कंपनीचा त्यावर डोळा होता. १७९५ साली कॅप्टन नीलसननं ब्राझीलहून कोचिनील कलकत्त्याला आणलं. निघालं भलतंच. रंग बेताचा आणि भूक दांडगी. त्यानं एका जातीचा निवडुंग फस्त केला आणि फड्या निवडुंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या फड्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून दुसरी जात आणावी लागली. तिनं दक्षिण भारतातली निवडुंगाची रानंच्या रानं मोकळी केली. आजही फड्यावर पांढरा कापूस दिसला तर नखानं चिरडून पाहावा. बोट लालभडक होतं. ऑस्ट्रेलियात हेच काम अर्जेंटिनाच्या एका पतंगानं केलं, तर क्वीन्सलँडमधल्या बूनार्गाच्या लोकांनी १९३६ मध्ये त्याच्या नावानं सभागृह बांधलं. आपल्याकडे कोचिनीलच्या नावानं साधा एसटीचा थांबाही नाही.

पिठ्याचाही काळ आहेच. क्रिप्टोलीमस हा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आला आणि द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचा झाला. भुंगेरा काळा-नारिंगी, देखणा. त्याची अळी मात्र पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या पांघरते आणि हुबेहूब पिठ्यासारखी दिसते. पिठ्यापेक्षा ती बरीच मोठी आणि चपळ असते. पण सॅनिटायझरचा बोळा हातात घेतलेल्या माणसाला एवढा धीर कुठला? आधी तीच टिपली जाते आणि ‘केवढा मोठा होता!’ म्हणून शेजारी सांगितलंही जातं.

वरून सगळं स्वच्छ, तरीही झाड मलूल, असं झालं तर कुंडी उपडी करावी. मुळांवरचा पिठ्या निराळा असतो. मुळं धुवायची, झाड काही दिवस सावलीत सुकू द्यायचं आणि नव्या, भुसभुशीत मातीत लावायचं. कुंडी शक्यतो मातीची घ्यावी. तिच्यातली ओल बोटाच्या टिचकीनं कळते: सुकी कुंडी खणखणते, ओली बद्द वाजते. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते ठरवलं, अशी आख्यायिका आहे. त्यात नामदेव कच्चे ठरले. काकूंची कुंडी बारा महिने कच्चीच ठरेल.

खरी पंचाईत वेगळीच. नवं झाड आणलं की दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवावं, असं जाणकार सांगतात. पण चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं, असं बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्यात. हळदी-कुंकवाला गेलेल्या काकू शेजारणीच्या जेडची फांदी पदराआड मोडतात. घाईत बेचकं तपासणार कोण? फांदी लागते आणि तिच्यासोबत पिठ्याही लागतो. पुढं शेजारीण कधीतरी चहाला येते, खिडकीशी थबकते आणि कळवळून म्हणते, “अगंबाई, तुमच्याकडं पण आला का हा? आमच्याकडच्यापासून जपून ठेवा बरं का!”