रेंज, गेट आणि जाळरेषा

चोरखमाऱ्यात ‘रेंज’ हा शब्द मोबाइलच्या फार आधीपासून नांदतो. गाव तिरोडा तालुक्यातले, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. इथे रेंज म्हणजे वनखात्याची, आणि रेंजर म्हणजे ज्याची जीप दिसली की माणूस डोक्यावरची मोळी टाकून मोहाच्या झाडाआड होतो, तो. त्यामुळे घरात वायफाय बसले आणि नागपूरला शिकणाऱ्या लेकीने फोनवर विचारले, “बाबा, स्वयंपाकघरात रेंज येते का?” तेव्हा आई चुलीपुढून दचकून उठली. “कोन येऊन राह्यला गा?”

सिग्नलचे मात्र शिकवावे लागले नाही. नागझिऱ्यात जन्मलेला जय वाघ २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिचा सिग्नल थांबला, आणि जय पुन्हा कोणाला दिसला नाही. सिग्नल गेला म्हटले की आमच्याकडे अजून माणसे क्षणभर गप्प होतात.

तर राउटर. तार जिथून आत शिरली तिथेच, पडवीत, खुंटीला टांगला. लेक म्हणाली, त्याच्यात दोन बँड आहेत, ५ गिगाहर्ट्झ आणि २.४. मला कळले ते असे : ५ म्हणजे शहरातला जावई. झपाट्याने येतो, पण मातीच्या पहिल्याच जाड भिंतीशी दमतो. २.४ म्हणजे शेजारचे मामाजी. सावकाश येतात, पण बोलावले नसले तरी चुलीपर्यंत पोचतात.

पासवर्ड ‘नागझिरा’ ठेवायचा ठरले. इंग्रजीत लिहिला तर सात अक्षरे होतात. डब्याला किमान आठ हवीत. आई म्हणाली, “एक वाघ जोड मांगून.” मी शेवटी १ जोडला. (आता इथे सांगून बसलो, म्हणजे बदलणे आले.)

पुढे लेकीने १९२.१६८.१.१ हा आकडा टाकायला लावला आणि म्हणाली, “हा आपला गेटवे.” इथे मात्र मी गुरुजी झालो. गेट आम्हाला कोण शिकवणार? नागझिऱ्यात शिरायचे एक गेट चोरखमाऱ्यालाच आहे. जिप्सी थांबते, नाव लिहिले जाते, ठरलेल्या संख्येइतक्याच गाड्या आत जातात, संध्याकाळी बाहेर येतात. राउटरमधला डीएचसीपी नावाचा बाबू हेच करतो : फोन आला की त्याला एक नंबर देतो, मुदत संपली की परत घेऊन दुसऱ्याला देतो. तो नंबर घरापुरताच. बाहेरच्या जगाला आमचा फोन, टीव्ही आणि लेकीचा जुना लॅपटॉप मिळून एकच पत्ता दिसतो. पुण्यात नाही का, तिरोडा, देवरी, सालेकसा सगळेच ‘गोंदियाकडचे’!

फायरवॉलसाठी तर भाषांतरही लागले नाही. उन्हाळ्याआधी वनखाते गवताचा पट्टा आपणच जाळून ठेवते, म्हणजे वणवा पलीकडे उडी मारत नाही. ती जाळरेषा. संगणकवाल्यांनी तिची भिंत केली, एवढेच.

अडलो ते वेगाशी. योजना ५० एमबीपीएसची, पण सिनेमा उतरताना पडद्यावर सहा एमबीच्या वर काटा सरकेना. तार जोडणाऱ्या पोऱ्याला मी चोर म्हणालो, तो म्हणाला, “गावाच्या नावातच हाय जी.” मग लेकीने हिशेब मांडला. विकणारे बिटमध्ये मोजतात, उतरते ते बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. पन्नासाला आठाने भागा : सव्वासहा. कोणी कोणाला फसवले नव्हते. तरी मला ते पटले नाही. क्विंटलभर धान गिरणीत टाकले तर सदुसष्टच्या आसपास किलो तांदूळ हाती येतो. आठाला एक देणारी गिरणी तिरोड्यात एक दिवस चालली नसती.

वायफाय हे नाव १९९९ सालचे, आणि आमचा गोंदिया जिल्हाही १ मे १९९९ चा. एकाच वर्गातली पोरे. एक जगभर गेला, दुसरा अजून भंडाऱ्याशी तुलना करत बसलाय.

परवा भर दुपारी लाइट गेली. डब्यावरचे सगळे दिवे विझले. आई आतून ओरडली, “रेंज गेली का गा?”

“गेली.”

“मंग जा, सरपन घेऊन ये.”