फोन चिकटवणाऱ्या महोदयांस

परमादरणीय मोबाईल-शिल्पकार महोदय यांच्या सेवेशी,

बोरगाव (ता. निपाणी, जि. बेळगाव) येथून एका फोनधारकाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, आपले उपकार फार झाले आणि आभार मानायचे राहूनच गेले. आपण कॅलिफोर्नियात असाल, सोलमध्ये असाल, नाहीतर शेनझेनमध्ये. नेमका ठावठिकाणा आम्हांला ठाऊक नाही. बिघाड झाल्यावर आपला पत्ता लागत नाही, हा अनुभव तसा जुनाच आहे. म्हणून हे पत्र उघड्यावरच लिहितो.

पहिले आभार काचेचे. फोनला पुढून काच होतीच, आपण मागूनही दिलीत. त्यामुळे बांधावर पडो, गाडीवरून पडो की अंथरुणातून, फुटण्याची संधी दोन्ही बाजूंना सारखी मिळते. एवढी समता आम्हांला इतरत्र कुठे पाहायला मिळाली नाही.

दुसरे आभार, आमचे मागासलेपण घालवल्याबद्दल. २००३ साली नोकियाचा ११०० आला, तो टॉर्चवाला. जगात असे २५ कोटींवर फोन खपले. रात्रीची थ्री फेज वीज आली की शेतातली मोटर चालू करायला निघालेल्या माणसाच्या हातात तो असायचाच. पाण्यात पडला तर झाकण काढायचे, बॅटरी काढायची, पुसून वाळवायचे आणि पुन्हा हॅलो म्हणायचे. २००७ च्या ऑगस्टमध्ये बीएल-५सी बॅटरी तापते म्हणून नोकियाने ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत इशारा देऊन त्या फुकट बदलून देऊ केल्या, तेव्हा घरोघरच्या माणसांनी झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर स्वतः वाचला. विचार करा, गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने स्वतःचा फोन उघडत होते! आपण वेळीच आवरलेत, नाहीतर ही मंडळी कुठवर गेली असती कोण जाणे.

आता झाकण गेले आणि गोंद आला. काय तो गोंद! मागची काच हाताला चटका बसेपर्यंत हेअर ड्रायरने तापवायची, कडेच्या फटीत जुने एटीएम कार्ड सारायचे आणि तसूतसूने फिरवत न्यायचे. काळ्या चिकट तारा तुटत जातात, काच हळूच वर येते. आनंदाच्या भरात ती उचलावी, तर एखाद्या मॉडेलला आतून फिंगरप्रिंटची कागदापेक्षा पातळ स्ट्रिप जोडलेली असते. दोन बोटे जास्त उचलली की संपले. ती स्ट्रिप नेमकी तिथे ठेवणाऱ्या बुद्धीला आमचा मुजरा.

गोंदाने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी स्क्रू आहेतच. स्टारचा स्क्रू ड्रायव्हर घरोघरी असतो हे ओळखून अ‍ॅपलने आयफोन ४ च्या काळात तळाशी पाच पाकळ्यांचा स्क्रू आणला. फूल सुरेख आहे. आमच्याकडे देवाला वाहिलेली फुलेही दुसऱ्या दिवशी काढता येतात, एवढेच जाता जाता सांगतो.

बॅटरी म्हातारी होते, यात आपला काही दोष नाही. लिथियमचा तो धर्मच. दोन-तीन वर्षे रोज चार्ज केली की तिचा दम जातो. कधी आत वायू साठतो आणि ती फुगते. आमच्या वहिनींच्या फोनची फुगली, तेव्हा मागची काच आपोआप वर आली. ड्रायरचे वीजबिल वाचले, तेही आपल्याच कृपेने. अधिकृत केंद्रात सल्ला मिळाला, “यापेक्षा नवीनच घ्या.” जी वस्तू झिजणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक, तीच सर्वांत घट्ट चिकटवायची, याला दूरदृष्टी लागते. (वाचकहो, महोदयांचे लक्ष नाही तोवर ऐका : फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. फोन बंद करून घरातल्या पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि जाणत्या दुकानात द्या.)

पाण्याबद्दलची आपली आस्था तर डोळ्यांत पाणी आणते. जाहिरातीतली मुले फोन घेऊन पोहतात. फोनच्या पोटात मात्र आपण एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. ओल लागली की तो लाल होतो आणि वॉरंटी तिथेच बुडते. इटलीने २०२० मध्ये अशा जाहिरातींसाठी अ‍ॅपलला १ कोटी युरो आणि ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. कोत्या मनाची माणसे! आम्ही दूधगंगेच्या काठची माणसे असले काही करत नाही. फक्त आमची नदी पावसाळ्यात आपल्या माहितीपत्रकातली मीटरची मर्यादा वाचून चढत नाही.

भिजलेला फोन आमच्याकडे तांदळाच्या डब्यात पुरतात. तांदूळ आतले पाणी ओढत नाही, त्याची पिठी मात्र चार्जिंगच्या पिनेत शिरते. तसे करू नका, हे अ‍ॅपलनेच २०२४ मध्ये सांगितले. बेळगावी बासमती असला तरी फळ तेच. खरा उपाय सोपा आहे : फोन लगेच बंद करा, चार्जर लावू नका, बॅटरी काढा. तिसऱ्या पायरीवर आपली फार आठवण येते.

एवढ्यातूनही कुणी तशाच दुसऱ्या फोनचा अस्सल डिस्प्ले काढून बसवला, तर आपण त्याचाही बंदोबस्त केला आहे. काही मॉडेलांत बोर्ड सुट्या भागाचा नंबर तपासतो आणि अनोळखी म्हणून बोट दाखवतो. सीमाभागात कागदपत्रे दाखवून दाखवून आमची उमर गेली. आता डिस्प्लेलाही दाखला लागतो, हे पाहून एकटे वाटत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये नंबरांच्या या जोडणीला आळा घालणारा कायदा केला. त्यांना सीमाभागाचे सुख काय कळणार?

आपले सेवाकेंद्रही आमच्या प्रवासाच्या आवडीला धरून आहे. बोरगावहून निपाणी, निपाणीहून बेळगाव, तिथे टोकन. हेल्पलाइनवर कन्नड, हिंदी, इंग्रजी आहे. मराठीसाठी दाबायला आकडा उरलेला नाही. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितले, “झाला की तुम्हांला फोन करू.” फोन तिच्याच टेबलावर होता.

एक तक्रार मात्र करावीशी वाटते, ती निपाणी-इचलकरंजीच्या दुकानांतल्या पोरांची. त्यांना धंदा कळत नाही. मागावर काम करणारा गडी चार्जिंग होत नाही म्हणून फोन घेऊन येतो. पोरगे तो बंद करते, लाकडी काडीने पिनेतून सुताचा बोळा काढते आणि पैसे घेत नाही. सर्किटचे नकाशे आपण त्यांना देत नाही, तरी ती बोर्डावर रोझिनचा पांढरा थर बसवतात, बेताचे व्होल्टेज सोडतात आणि जिथला थर आधी वितळेल तिथे शॉर्ट आहे हे ओळखतात. काही रुपयांचा कपॅसिटर बदलला की आपण ‘डेड’ ठरवलेला फोन उठून बसतो. शेवटी बी-७००० गोंदाची नळी दाबून पुन्हा चिकटवतातही. आपण यांना चोर म्हणता म्हणे. हाताची कला चोरता येत नाही, म्हणून बहुधा.

सरकारचेही आपण मनावर घेऊ नये. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल काढले, पुढे कोणता फोन किती दुरुस्त होतो याचे गुण देण्यासाठी आणखी एक समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. अहवालाने अजून कुणाचा स्क्रू ढिला झालेला नाही.

युरोपातले लोक मात्र हट्टी. तिथे जून २०२५ पासून नव्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षे द्यावे लागतात, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरावी लागते. म्हणजे आपल्याला हे सगळे जमते. बॅटरी टिकाऊ करता येते, सुटे भाग ठेवता येतात, नियमही पाळता येतात. फक्त समोर दंडाची पावती असावी लागते. आमच्यापुढे आपण हात जोडता आणि झाकण मात्र जोडूनच ठेवता, ते आमच्यावरच्या विश्वासापोटी : हे काही बोलणार नाहीत.

तेव्हा वाचकहो, पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे नंतर विचारा. आधी विचारा : बॅटरी कुठे बदलून मिळेल, कितीला, आणि किती वर्षे? दुकानदाराने वर बघितले तर पैसे खिशातच राहू द्या.

कळावे,
आपला जुनाच फोन अजून वापरणारा,
एक बोरगावकर